एमएक्स लिनक्स आमच्याकडं कसं पसरतंय

एमएक्स लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टीम. लिनक्सच्या अशा वेगवेगळ्या प्रकारांना डिस्ट्रो म्हणतात. त्यांची माहिती देणाऱ्या डिस्ट्रोवॉच ह्या साइटच्या यादीत एमएक्स काही वर्षं पहिल्या नंबरवर होतं. पण कुठल्या डिस्ट्रोचं पान किती जणांनी उघडून बघितलं, एवढंच ती यादी मोजते. सोलापुरातल्या अशोक चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला त्या नंबराचं काय करायचंय?

माझी गिऱ्हाइकं म्हणजे झेरॉक्सवाले, युनिफॉर्म शिवणारे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादरीचे छोटे कारखानदार. मशीन जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरचं, रॅम ४ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज अकराला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती ह्यांच्यात कुठली? नवा पीसी घ्या म्हटलं की, "लूमच बंद पडायलेत अण्णा, पीसी कुठला काढता!"

एमएक्स २०१४ मध्ये अँटीएक्स आणि जुन्या मेपिस ह्या दोन डिस्ट्रोंच्या मंडळींनी सुरू केलं. पाया डेबियन स्टेबल ह्या भरवशाच्या डिस्ट्रोचा, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. हलकं आहे, पण हलक्या डिस्ट्रो पैशाला पासरी मिळतात. हे पसरतंय ते त्यातल्या एमएक्स स्नॅपशॉट ह्या टूलमुळं, असं माझं ठाम मत.

एक मशीन मनासारखं लावायचं. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, मराठी युनिकोड फॉन्ट, लिब्रेऑफिस आणि मुख्य म्हणजे झेरॉक्सवाल्यांकडं हमखास असतो त्या छोट्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर. तो बसवताना जीव जातो, पण एकदाच. मग स्नॅपशॉट उघडून खाती रीसेट करायचा पर्याय निवडला, की माझा युजर-पासवर्ड वगळून चालू सिस्टीमची अख्खी आयएसओ, म्हणजे एका फाइलीतली नक्कल, तयार. ती पेनड्राइव्हवर घ्यायची आणि हार्ड डिस्कला हात न लावता गिऱ्हाइकासमोर तशीच चालवून दाखवायची. प्रिंट बाहेर आली की तोच म्हणतो, "टाकून द्या की ओ."

टॅलीवर हिशोब ठेवणारे आणि श्रीलिपी ह्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरात लग्नपत्रिका करणारे मात्र मी विंडोजवरच ठेवतो. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाईनच्या नादाला लागत नाही, त्यात दिवस जातो आणि शिव्या आपल्याला.

एका झेरॉक्सवाल्यानं पेनड्राइव्ह ठेवूनच घेतला. वॉलपेपरवर मी दुकानाचा नंबर टाकलेला. आता नवी पेठेतून, होटगी रोडवरून कधी न बघितलेल्या माणसांचे फोन येतात. परवा एक जण म्हणाला, "तुमच्या विंडोजमध्ये स्कॅनर दिसंना झालाय." मी स्कॅनरचं मॉडेल तेवढं विचारलं.