नाव पुसलं, प्रोग्रॅम चालूच

१ जून ते ३१ जुलै कोकण किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामुळे जुलै संपत आला की बर्फाच्या कारखान्यांत एकच घाई उडते, कारण होड्या सुटल्या की बर्फ लगेच लागतो. त्याच गडबडीत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या बाजूच्या एका कारखान्यातून मला फोन आला.

तिथे खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचं तापमान नोंदवणारं एक जुनं लिनक्स मशीन आहे. डिस्क भरली म्हणून कुणीतरी 'जुनी फोल्डरं' उडवली, त्यात ते तापमान नोंदवणाऱ्या प्रोग्रॅमची फाईलही गेली. बॅकअप नव्हता आणि लिहून देणारा माणूस कधीच परदेशी गेला होता. पडद्यावर आकडे मात्र हलत होते, म्हणजे प्रोग्रॅम अजून चालूच होता.

"बंद करून परत चालू करूया काय?" सुपरवायझर काकांनी विचारलं.

"नको काका, बटणाला हातसुद्धा लावू नका."

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. लाइट दोनदा लुकलुकली, यूपीएस ओरडायला लागला.

आधी त्या प्रोग्रॅमची फाईल कुठे होती ते शोधायचं होतं. चालू प्रोग्रॅमांची यादी देणाऱ्या पीएस कमांडने नाव दाखवलं ते नुसतं 'टिंब, तिरकी रेघ, तापमान'. त्यावर विसंबून काही मिळणार नव्हतं. ते नाव प्रोग्रॅम सुरू करणारा देतो, तो वाट्टेल ते देऊ शकतो. शिवाय टिंब म्हणजे 'सध्याचं फोल्डर', पण ते नेमकं कुठलं? लिनक्समध्ये खरं उत्तर कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे असतं. कर्नल 'प्रॉक' नावाचं एक आभासी फोल्डर दाखवतो; त्यात प्रत्येक चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकाच्या (पीआयडी) फोल्डरात 'ईएक्सई' नावाची लिंक असते. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता होऊन ती वाचली, तर 'ऑप्ट' फोल्डरातला पूर्ण पाथ (फाईलचा पत्ता) आला आणि शेवटी कंसात 'डिलीटेड'.

तो शब्द वाचून काकांचा चेहरा उतरला, मला मात्र हायसं वाटलं. लिनक्ससारख्या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिममध्ये फाईल म्हणजे आयनोड, तिचा डिस्कवरचा खरा ठेवा; नाव ही डिरेक्टरीतली फक्त एक नोंद. नोंद पुसली तरी प्रोग्रॅम चालू आहे तोवर कर्नल आयनोड सोडत नाही. आणि ही लिंक उघडली की ती पाथ शोधत बसत नाही, थेट त्या आयनोडवर नेते. म्हणून साध्या 'सीपी' या कॉपी कमांडने अख्खी फाईल पेनड्राइव्हवर उतरली. दोन्हींचा शा-२५६ (फाईलचा जणू ठसा) काढून ताडून पाहिला, जुळला. तापमानाच्या नोंदींची फाईल प्रोग्रॅमने उघडी ठेवली होती, ती प्रॉकमधल्याच 'एफडी' फोल्डरातून काढली, तिथे उघड्या फाईलींच्या लिंक असतात. सेटिंगची फाईल मात्र सुरुवातीला वाचून बंद केलेली, ती गेलीच. सेन्सरचे क्रमांक काकांच्या वहीत होते, त्यावरून नवी बनवली.

हा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला होता हे बरं झालं. पायथन स्क्रिप्ट असती तर त्या लिंकने ती चालवणाऱ्या पायथनचाच पाथ दाखवला असता. आणि मशीन मॅक असतं तर? पाथ सांगणारं फंक्शन तिथेही आहे, पण प्रॉकच नाही, म्हणजे फाईल अशी ओढून काढता आली नसती. युनिक्स घराण्यातल्या इतर सिस्टिममध्येही असंच: फ्रीबीएसडीत पाथसाठी 'सिसकंट्रोल' या सोयीला विचारावं लागतं, सोलारिसचं वेगळं फंक्शन आहे, आणि ओपनबीएसडीत खात्रीचा मार्गच नाही. इतक्या मूलभूत प्रश्नाला प्रत्येक घरी वेगळं उत्तर असावं, हे मला आजही खटकतं.

फाईल जागेवर ठेवली, परवानग्या दिल्या आणि मगच काकांना म्हटलं, "आता करा बंद." प्रोग्रॅम पुन्हा उठला, पहिल्या टाकीचा आकडा शून्याखाली आला. काकांनी तो वहीत उतरवून घेतला आणि मी लगेच दुसऱ्या डिस्कवर रोजचा बॅकअप लावायला बसलो.