"ताई, आपण इंडियनच ना?"

"ताई, कायद्यात ब्लॅक म्हणजे आफ्रिकन, कलर्ड आणि इंडियन असं लिहिलंय. आपण इंडियनच ना? मग अडचण कुठे आहे?"

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळ बेलव्हिलला पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. हा प्रश्न त्याच्या मालकांचा. ते मूळचे पुण्याचे, २००१ साली इकडे आले आणि पुढे इथलं नागरिकत्व घेतलं. मी इथे छोट्या कंपन्यांचे हिशेब आणि बीईईची, म्हणजे ब्लॅक इकॉनॉमिक एम्पॉवरमेंटची कामं बघते. त्यांची फाईल हे माझं पडताळणीपर्यंत नेलेलं पहिलं काम, आणि आजही मला ते सगळ्यात जवळचं वाटतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगते. कलर्ड म्हणजे इथले मिश्र वंशाचे लोक. बीईईचा कायदा २००३ चा. वर्णभेदाच्या राज्यात ज्यांना जमीन, धंदा, हुद्दा, कसबाचं शिक्षण यांपासून कायदे करून लांब ठेवलं, त्यांना अर्थव्यवस्थेत वाटा मिळावा म्हणून कंपन्यांना गुण दिले जातात. गुणांवरून १ ते ८ अशी पातळी ठरते. खासगी कंपनीकडे प्रमाणपत्र नसलं म्हणून कुणी दंड करत नाही. पण मोठं गिऱ्हाईक ते मागतंच, कारण तुमच्याकडून केलेल्या खरेदीवर त्याचे स्वतःचे गुण अवलंबून असतात. तुम्ही पातळी १ वर असाल तर तुमच्याकडची १०० रँडची खरेदी त्याच्या हिशेबात १३५ धरली जाते. पातळी ८ वर असाल तर फक्त १०.

उलाढाल वर्षाला १ कोटी रँडच्या आत असली की एक शपथपत्र पुरतं आणि आपोआप पातळी ४ मिळते. आमचे मालक कित्येक वर्षं तेवढ्यावर निभावत होते. मग धंदा वाढला, उलाढाल कोटीच्या वर गेली आणि शपथपत्राचा रस्ता बंद झाला. १ ते ५ कोटींच्या गटात किमान ५१ टक्के मालकी ब्लॅक लोकांकडे नसेल तर रीतसर पडताळणी करून घ्यावी लागते. मालकीला २५ गुण, व्यवस्थापनाला १५, कौशल्य प्रशिक्षणाला २५, पुरवठादार आणि लहान उद्योगांच्या विकासाला ३०, समाजकार्याला ५. मालकीत किमान मर्यादा गाठली नाही तर मिळालेली पातळी आणखी एक पायरी खाली येते. त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकाने प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत दिली होती.

आता त्यांच्या प्रश्नाकडे येते. इंडियन हा शब्द कायद्यात आहे, पण त्याच्यापुढे अट आहे: जन्माने किंवा वंशाने इथला नागरिक, किंवा २७ एप्रिल १९९४ च्या आधी नागरिकत्व घेतलेला, किंवा त्या तारखेआधी ते मिळण्याचा हक्क असलेला. २७ एप्रिल १९९४ म्हणजे सगळ्यांनी पहिल्यांदा मत दिलं तो दिवस. आपण त्याच्यानंतरचे. त्यांनी स्मार्ट आयडी कार्ड टेबलावर ठेवलं आणि ‘सिटिझन’ या शब्दावर बोट टेकवलं. मी माझं कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं. दोन्हींवर जन्माचा देश भारत. "माझेही गुण शून्यच आहेत, काका," मी म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा ते कलम वाचलं तेव्हा मलाही वाटलं होतं.

ते वाईट वाटणं गेलं ते त्यांच्याच एका पुरवठादारामुळे. पावडर कोटिंगचा छोटा कारखाना, मालक रायलंड्समधले कोकणी मुसलमान. त्यांचे पणजोबा रत्नागिरीतल्या खेडकडून बोटीने केप टाउनला आले होते. माझं आडनाव ऐकून त्यांनी कोकणीत विचारलं, गाव कुठलं? मला भरून आलं. त्यांचं कुटुंब केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स भागात राहायचं. १९६६ साली तो भाग गोऱ्यांसाठी जाहीर झाला, घरं पाडली आणि यांना इंडियन लोकांसाठी नेमून दिलेल्या वस्तीत जावं लागलं. आजोबांचं दुकान तिथेच संपलं. रत्नागिरीचे तेही आपलेच, पुण्याचे आमचे मालकही आपलेच. पण या देशाने ज्यांचं दुकान हिरावून घेतलं त्यांची भरपाई वेगळी असणार, हे मला तिथे त्यांच्यासमोर बसून पटलं.

दरम्यान एका सल्लागाराने मालकांना सोपी युक्ती सांगितली होती. पॅकिंगमधल्या एखाद्या बाईच्या नावावर ५१ टक्के शेअर करा, तिच्याकडून कोऱ्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवा, शपथपत्र करा, संपलं. याला इथे फ्रंटिंग म्हणतात. २०१३ च्या दुरुस्तीपासून तो गुन्हा आहे: दहा वर्षांपर्यंत कैद, कंपनीला उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड. पण शिक्षेपेक्षाही मला चीड आली ती त्या बाईच्या विचाराने. तिला हे कुणी सांगणारसुद्धा नव्हतं. मी मालकांना स्पष्ट म्हटलं, असं करणार असाल तर फाईल दुसऱ्याकडे द्या. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला, "खरं द्यायचं असेल तर कुणाला द्यावं?"

उत्तर त्यांनाच ठाऊक होतं. वेल्डिंगचे फोरमन खायेलित्शा या आफ्रिकन वस्तीतले, पहिल्या दिवसापासून कारखान्यात. सगळे त्यांना ताता म्हणतात. खोसा भाषेत ताता म्हणजे वडील. आपल्या तात-तात्यांच्या इतकं जवळचं की मीही लगेच म्हणायला लागले. त्यांचे वडील पासबुक, म्हणजे आफ्रिकन माणसाला शहरात वावरायला लागणारा परवाना, खिशात घेऊन शहरात मजुरी करायचे. पासचा कायदा १९८६ पर्यंत होता. आणि डिस्पॅच सांभाळणाऱ्या ऑन्टी, मिचेल्स प्लेन या कलर्ड वस्तीतल्या. तातांना १६ टक्के, ऑन्टींना १०. स्त्रियांच्या मालकीला वेगळे गुण असतात हे खरं, पण ऑन्टी नसत्या तर एकही ट्रक वेळेवर सुटला नसता, हेही तितकंच खरं.

शेअरचे पैसे मालकांनीच उधार ठेवले. ते लाभांशातून फिटायचे. तरीही लाभांशाचा एक हिस्सा दरवर्षी दोघांच्या हातात पडलाच पाहिजे, हे कलम मी हट्टाने घालून घेतलं. कर्ज फिटेल तसा मालकीचा खरा वाटा मोजला जातो. कायदा तो पहिल्याच वर्षी पूर्ण मागत नाही, अपेक्षा दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढत जाते.

बाकीचं काम कागदांचं, आणि जीव तिथेच जातो. पगारपत्रकं, आयडीच्या प्रती, प्रशिक्षणाची बिलं आणि हजेरीपत्रकं. प्रशिक्षणाचा वार्षिक आराखडा ३० एप्रिलच्या आत सेटाकडे, म्हणजे त्या-त्या उद्योगाच्या प्रशिक्षण संस्थेकडे गेला पाहिजे. आमचा नशिबाने गेला होता. सगळ्यात जास्त दिवस खाल्ले पुरवठादारांच्या शपथपत्रांनी. निम्मी बाद निघाली. एकात आर्थिक वर्ष कधी संपलं ती तारीखच नाही. दुसऱ्यात सही सोमवारची आणि कमिशनर ऑफ ओथ्सचा, म्हणजे शपथ घेणाऱ्या अधिकाऱ्याचा शिक्का गुरुवारचा. खरं तर सही त्याच्यासमोरच करायची असते. रायलंड्सच्या चाचांचंही तारखेशिवायचं होतं. शंभर टक्के ब्लॅक मालकी, म्हणजे थेट पातळी १, आणि एका रिकाम्या ओळीपायी आमच्या हिशेबात शून्य! मी नवा फॉर्म छापून नेला, आम्ही दोघं अथलोनच्या पोलीस ठाण्यात रांगेत उभे राहिलो. हवालदाराने शिक्का मारला, तो फिका उठला. मी दुसरा मारायला लावला.

पडताळणीच्या दिवशी एजन्सीच्या बाई आल्या. दुपारी त्यांनी तातांना एकट्याला खोलीत बोलावलं, मालक बाहेर. मलाही बाहेर थांबवलं. तातांनी वह्या घालायच्या जुन्या पिशवीतून ताळेबंद काढून नेला होता, समासात पेन्सिलीच्या खुणा. पाऊण तास गेला. नंतर त्यांनीच सांगितलं: गेल्या वर्षीचा नफा विचारला, लाभांश म्हणजे काय ते विचारलं, मालकाशी मत जुळलं नाही तर काय कराल तेही विचारलं.

७६ गुण. पातळी ५, म्हणजे १०० च्या खरेदीला ८०. गिऱ्हाईक टिकलं. प्रमाणपत्र बारा महिन्यांचंच असतं, म्हणून मी त्याच आठवड्यात पुढच्या वर्षाची फाईल उघडली.

पुढच्या महिन्यात संचालकांची बैठक झाली, इतिवृत्त लिहायला मी होते. मालकांनी पत्रा वाकवायचं जुनं प्रेस ब्रेक मशीन घ्यायचा प्रस्ताव ठेवला. तातांनी चष्मा लावला, कोटेशन दोनदा वाचलं आणि म्हणाले, हे मशीन मी बघून आलोय, त्याचं हायड्रॉलिक गळतंय, माझा विरोध लिहा. मी मालकांकडे पाहिलं. "लिहा ताई," ते म्हणाले.