तान्ह्या पोळ्याच्या सकाळी कॉग सुटला

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की काळीचं काम संपलं, आता फक्त हँडलला टेप गुंडाळायची राहिली. काळी म्हणजे बाबांची जुनी दांडीची सायकल, मी ‘फिक्स्ड’ केलेली: मागचा कॉग, म्हणजे दातेरी चकती, हबला, म्हणजे चाकाच्या तुंब्याला, पक्का; त्यामुळं चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतं आणि थांबायला पाय मागं रेटायचे. टेप अजून पुडक्यातच आहे. गुंडाळली ती पट्टी, माझ्या डाव्या कोपराला.

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळी सव्वासहाची वेळ. नागपुरात सेमिनरी हिल्सवरून जपानी गार्डनच्या बाजूनं खाली उतरून राहिलो होतो. वेग काही फार नाही, वीसच्या आसपास. समोर फिरायला निघालेले दोन काका रस्ता ओलांडत होते, म्हणून नेहमीसारखे पाय मागं रेटले. क्षणभर काळीनं ऐकलं. मग मागून ‘खट्’ असा आवाज आला आणि पायडल एकदम हलकं झालं. दोर तुटल्यावर रहाट कसा हातात मोकळा फिरतो, तसं. चाक पळतंय आणि पायांचा त्याच्याशी काही संबंधच उरलेला नाही. पायडलच्या पट्ट्यातून उजवा पाय ओढून काढला, बूट मागच्या टायरवर दाबायचा प्रयत्न केला, तो घसरला. शेवटी डावीकडे ओल्या गवतात घातली आणि आडवा झालो.

काका धावत आले. उठवलं, सायकल उभी केली, तिच्याकडे दोनदा खालून वर पाहिलं आणि म्हणाले, “काय राजेहो, ब्रेक नाई का सायकलले?”

“होते. काढून टाकले,” मी म्हणालो. यावर ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

घरी आणून चाक काढलं. कॉग पावणेदोन फेरे बाहेर आलेला, लॉकरिंग, म्हणजे कॉग सुटू नये म्हणून त्यावर आवळलेली कडी, त्याच्याही पुढं. जुन्या मंडळींना कारण सांगायला नको. ही बाबांची काळी दांडीची सायकल, मागचा हब फिरीसाठीचा, म्हणजे फ्रीव्हीलसाठीचा. फिरीला ताण एकाच दिशेचा. पायडल मारलं की ती आणखी घट्ट बसते, उलटं फिरवलं की नुसती टकटकते, आट्यांवर उलटा जोर येतच नाही. फिक्स्ड कॉगचं तसं नाही. पुढं जाताना तो आवळला जातो आणि पाय मागं रेटले की तेवढ्याच इमानानं सुटायला बघतो. खऱ्या ट्रॅक हबवर, म्हणजे शर्यतीच्या फिक्स्ड सायकलीच्या हबवर, म्हणून दुसरी, थोडी लहान पायरी असते आणि तिला उलटे आटे असतात. तिथं कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला घट्ट करत जातो. माझ्या हबवर ती पायरीच नाही. मी लावली होती बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलच्या आसाच्या नळीची, लॉकरिंग, तिचे आटे कॉगच्याच दिशेचे. म्हणजे चोराच्या पाठोपाठ चोरच पळाला. या जुगाडाला इंग्रजीत ‘सुइसाइड हब’ म्हणतात, हे मला माहीत होतं. तरी सात आठवडे नीट चाललं म्हणून मी ते नाव विनोदी समजत होतो.

आता हिशेब. माझं वजन ६८ किलो, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १७० मिमी. पूर्ण वजन एका पायडलवर टाकलं तर क्रँकवर साधारण ११३ न्यूटन-मीटर पीळ येतो. पुढच्या ४४ दातांच्या चेनव्हीलवरून मागच्या १८ दातांच्या कॉगवर येताना त्यातला ४६ च्या आसपास उरतो. दुसरा पाय पट्ट्यातून वर ओढतो तो वेगळाच. म्हणजे कॉग याच्या दुप्पट-अडीचपट जोरानं आवळलेला पाहिजे. मी काय केलं होतं? चेनचा पाना घेऊन हातानं आवळला होता. आणि आट्यांना ग्रीस न लावता, कोरडाच, “म्हणजे घट्ट पकडेल” म्हणून. कोरडे आटे मध्येच अडकतात, आपल्याला वाटतं बसला, आणि कॉग हबच्या खांद्याला टेकलेलाच नसतो.

महाल भागातले आपले सायकलमिस्त्री गाठावे तर त्या दिवशी तिकडं फिरकायची सोय नाही. काळी-पिवळी मारबत, बडगे, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, रस्ते माणसांनी गच्च. घरी बसून कोपराला हळद लावली आणि ‘सुटी लॉकरिंग, कोरडे आटे घेऊन जा गे मारबत’ म्हणून टाकलं. आई म्हणाली, सायकलच पाठवून दे तिच्यासोबत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीभाऊंनी हब हातात घेतला, नखानं आटे खरवडले. चंदेरी भुकटी बोटाला आली. “आटे अजून गेले नाई, पण जाऊन राहिले,” ते म्हणाले. “वेल्डिंग मारून देतो. दोन टाके. मंग बापाजन्मी सुटत नाई.”

मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. हब स्टीलचा, वेल्ड धरलाही असता. पण कॉग झिजला की अख्खा हब भंगारात, आणि त्या आचेनं बेअरिंगच्या वाटीचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला तर तो त्रास वेगळा. नको म्हटलं. त्यांनी खांदे उडवले आणि चहा सांगितला.

मग रोटाफिक्स, म्हणजे चाकच पान्यासारखं वापरून कॉग आवळणं. ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी: आटे रॉकेलनं धुवून कोरडे केले, ग्रीस लावलं, कॉग हातानं चढवला, चाक सायकलच्या मागच्या चिमट्यात बसवलं. जुनी चेन कॉगभोवती घेऊन तिचं दुसरं टोक बॉटम ब्रॅकेटच्या नळीभोवती फडक्यावरून गुंडाळून अडकवलं. आता चाक मागच्या दिशेनं फिरवायचं. चेन कॉगला जागचं हलू देत नाही, हब मात्र आत फिरतो आणि रिमएवढा लांब दांडा हातात असल्यामुळं कोणताही पाना देऊ शकणार नाही इतका जोर मिळतो. पहिल्या ओढीला कॉग जवळजवळ पाव फेरा आत गेला. पाव फेरा! म्हणजे सात आठवडे मी तेवढ्या सैल कॉगवर विश्वास टाकून शंकरनगर चौकातली गर्दी कापत होतो. चौथ्या ओढीला चेन नुसती कुरकुरली, कॉग ढिम्म. त्या कुरकुरीचं सुख काय सांगू.

लॉकरिंगला लाल लॉकटाइट, म्हणजे आटे पकडणारा गोंद, लावून ती चढवली. जुनी लॉकरिंग फेकली. ऑनलाइन मागवलेली ती, फोटोत स्टील, हातात लोणी. हुक-पान्यानं तिच्या खाचा दुसऱ्याच वेळी गोल झाल्या होत्या. नवी मिस्त्रीभाऊंच्या डब्यातली, कुठल्यातरी जुन्या सायकलची, काळीकुट्ट आणि कडक. पैसे घेतले नाहीत. अशा डब्यांपुढं मला कुठलाही ऑनलाइन दुकानदार सांगू नका.

शेवटी ताईच्या लाल नेलपॉलिशनं कॉग, लॉकरिंग आणि हबवर एकच सरळ रेघ ओढली. कॉग केसभर जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसणार.

इथवर लिहून थांबणार होतो. पुढची योजनाही ठरली होती, खरा ट्रॅक हब घ्यायचा. पण माझ्या मागच्या रिमला ४० भोकं आहेत, दांडीच्या सायकलींची जुनी रीत, मागं ४० आणि पुढं ३२. ट्रॅक हब मिळतात ते ३२ नाहीतर ३६ चे. म्हणजे रिम बदला, स्पोक बदला, चिमटा माझ्या मापानं ११४ मिमी तो १२० ला फाकवा. रिम बदलायचीच तर ७०० सी मापाची घेऊ, तिची बाजू सपाट असते, मग पुढं रिमच्या दोन्ही बाजू दाबणारा कॅलिपर ब्रेकही बसेल... ब्रेक. लिहिता लिहिता हात थांबला.

कारण ब्रेकसाठी रिम बदलायची गरजच नाही. काळीच्या रिमची बाजू गोल असल्यामुळं कॅलिपर बसत नाही, हे कारण मी वर्षभर सांगत आलो. पण ती रिम ज्या ब्रेकसाठी घडवली आहे तो सळईचा ब्रेक, रिकिबीसारखा चाकावर बसून रिमला खालून वर दाबणारा, आमच्या माळ्यावर तारेनं बांधून पडला आहे. बाबांच्या जुन्या हँडलसकट, कारण दांडे हँडललाच जोडलेले. आत्ताचं शिंगासारखं बुलहॉर्न हँडल काढा, ते हँडल चढवा, झालं. खर्च शून्य. शोभा? तीही जवळपास शून्य, पण ते आता बाजूला.

ढोबळ आकडे माहीत असून मी दुर्लक्ष केलं होतं. थांबताना वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं हलकं होतं आणि घसरतं. सपाट, कोरड्या रस्त्यावर वीसच्या वेगानं चांगला पुढचा ब्रेक तीन-साडेतीन मीटरमध्ये थांबवतो, नुसतं मागचं चाक सहाच्या वर घेतं. आणि स्किड मारणं, म्हणजे पायानं मागचं चाक अडवून घसरवणं, दिसायला भारी असलं तरी घसरणारं टायर फिरणाऱ्यापेक्षा कमीच पकडतं. बिनब्रेकची सायकल ट्रॅकवरची, जिथं सगळे एकाच दिशेनं जातात आणि समोरून ई-रिक्षा येत नाही. ब्रिटनमध्ये तर १९८३ च्या नियमांपासून रस्त्यावरच्या फिक्स्डला पुढचा ब्रेक लागतोच, फिक्स्ड चाक फक्त मागच्या ब्रेकच्या जागी धरतात.

रविवारी फुटाळा तलावावर फिक्स्ड चालवायला तीन नवी पोरं येणार आहेत, म्हणून हेही. पहिले दोन आठवडे रेशीमबागेच्या मैदानावर, रस्त्यावर नाही. पुढचा ब्रेक नसेल तर सोबत नेणार नाही, आणि हो, हे मीच बोलून राहिलो, हसा. पाय थांबवायला जाऊ नका, पायडल थांबत नाही, तुम्हीच सीटवरून उचलले जाता. वळणावर आतला पायडल जमिनीला घासतो, ते आधी हळू वेगात शिका. बुटाची नाडी आत खोचा. चेन सैल ठेवू नका, उतरली तर चाक जागीच अडकू शकतं. चाक फिरत असताना चेन पुसायला फडकं लावलं तर बोट जाईल, कारण इथं कॉग आणि चाक वेगळे होत नाहीत. (माझं झालं ते सोडून.) आणि कोणीतरी विचारलं होतं, नेहमी तोच पाय पुढं ठेवून स्किड मारली तर टायर किती जागी घासतो: ४४/१८ म्हणजे २२/९, नऊ जागी. ४८/१६ लावाल तर ३/१, एकच जागा, महिन्यात टायर फाटेल. आपल्या सिमेंट रोडवर त्याच्याही आधी.

हँडल माळ्यावरून काढलं. ब्रेकचं रबर दगड झालं होतं, नवी जोडी गांधीबागेतून आणली. पाऊस आहे तोवर क्रोमच्या ओल्या रिमवर हा ब्रेक निम्मासुद्धा धरत नाही, हे लक्षात ठेवून काल पहाटे फुटाळ्यापर्यंत गेलो. पाय आणि ब्रेक दोन्ही वापरले, कुठं आवाज नाही, कुठं झटका नाही. परत येऊन चाकाशी बसलो आणि टॉर्च मारला.

लाल रेघ तुटलेली. तांदळाच्या दाण्याएवढी.

रोटाफिक्सनंतरही. म्हणजे आटे खरंच गेलेत, मिस्त्रीभाऊंचं नख बरोबर होतं. कॉग उतरवला, हब गुंडाळून ठेवला. ३६ चा ट्रॅक हब आणि रिम मागवणार, पैसे दिवाळीनंतर. तोवर दुसऱ्या जुन्या हबवर फिरी चढवली आहे.

फिरीची टकटक ऐकून बाबा बाहेर आले. हँडलवरून हात फिरवला, पुढच्या ब्रेकचा दांडा दाबून पाहिला, गोकुळपेठेतून भाजी आणतो म्हणाले आणि पिशवी अडकवली. मग डावा दांडा दाबला. तो नुसताच हँडलला टेकला.

“मागची सळई कुठाय?”

मी गप्प.

“किलोनं विकलास का माझा ब्रेक?”