बातमी आली, पण रस्ता बंद असल्याची

आमच्या हौशी सायकल शर्यतीची पहिली छापील बातमी मी कापून ठेवली आहे. दोन कॉलम, वर ठळक मथळा: शर्यतीमुळे वाहनचालकांची गैरसोय. कोणता रस्ता किती वेळ बंद होता, ते आत नेमकं दिलंय. वाहनं कुठून वळवली, तेही. शर्यत कोण जिंकलं, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. अंधारात उठून सुरुवातीच्या रेषेवर येऊन उभ्या राहिलेल्या एकाही सायकलपटूचं नाव नाही. ते कात्रण हातात घेतलं की अजूनही माझं डोकं तापतं, कारण त्याआधी तीन आठवडे मी त्याच वृत्तपत्राच्या कचेरीत खेटे घालत होते.

क्लबची चिटणीस म्हणून प्रसिद्धीचं काम माझ्याकडे होतं. रस्त्याची परवानगी, रुग्णवाहिका, वळणावळणांवर झेंडे घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक, हे सगळं वेळेत जमलं. स्थानिक रेडिओनेसुद्धा एका फोनवर दोन मिनिटं दिली. अडलं ते फक्त वृत्तपत्रात. आणि आम्हाला वृत्तपत्रच हवं होतं. पुढच्या वर्षी परवानगीचा अर्ज करताना किंवा प्रायोजकासमोर बसताना फाइलमध्ये छापील कात्रण असलं की बोलणं सोपं होतं. मुलीला शर्यतीत उतरवावं की नाही, अशा विचारात असलेले आईवडीलही छापून आलेलं वाचून धीर करतात.

आधी मी मेल केला, त्यांच्या अंकात छापलेल्या पत्त्यावर. उत्तर नाही. चार दिवसांनी फोन केला. क्रीडा विभागातून सांगितलं, "हे आमच्याकडे येत नाही मॅडम, स्थानिक कार्यक्रम आहे, शहर डेस्कला द्या." शहर डेस्कला फोन लावला. "शर्यत आहे ना? मग क्रीडाला द्या." मी दोघांनाही सांगितलं की तुम्ही एकमेकांकडे बोट दाखवताय. दोघंही "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवला. हौशी खेळाचं दुखणं नेमकं इथे आहे. क्रीडा पानावर राष्ट्रीय संघ, मोठ्या लीग, नावाजलेले खेळाडू. शहर पानावर पाणी, रस्ते, सभा, आंदोलनं. नोकरी सांभाळून रोज पहाटे सराव करणारा माणूस यातल्या कुठल्याच पानाचा नसतो.

मग मी प्रत्यक्ष कचेरीत गेले. स्वागत कक्षात एक ट्रे होता, "प्रेस नोट यात टाकून जा." टाकली. पुढच्या आठवड्यात गेले तर माझी प्रेस नोट त्याच ट्रेमध्ये, वर इतरांच्या कागदांची चळत चढलेली. ती मी काढून पुन्हा सगळ्यात वर ठेवली. तिसऱ्या खेपेला विचारणा झाली, "जाहिरात देणार आहात का? मग बातमीचं बघता येईल." मला वरच्या मजल्यावर जाहिरात विभागात पाठवलं. मी तिथून तशीच परत आले आणि त्याबद्दल मला आजही जराही पश्चात्ताप नाही. जाहिरात द्यायची असेल तर जाहिरात म्हणून द्यावी. पैसे मोजून बातमी आणली तर पुढच्या वर्षी पुन्हा मोजावे लागतात, आणि ज्या क्लबकडे पैसे नाहीत त्यांची वाट आपणच बंद करतो.

चौथ्या खेपेला मी संध्याकाळी सातला गेले, ऑफिस सुटल्यावर. दोन तास बाकावर बसले. आतून माणसं घाईघाईने जात-येत होती, माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. हे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं: संध्याकाळी पानं लागत असतात, तेव्हा कुणाला भेटायला जाऊ नये, फोनही करू नये. संपादकांची बैठक आटोपून संध्याकाळची धावपळ सुरू व्हायच्या आधी, म्हणजे दुपारी, गेलं तर माणूस खुर्चीत सापडतो आणि ऐकून घेतो. चार खेपा, सहा फोन आणि तीन आठवडे घालवल्यावर मला ही एवढी गोष्ट कळली.

शर्यतीआधी एक ओळही आली नाही. रविवारी शर्यत झाली, निकालाची प्रेस नोट मी पाठवली, आणि आली ती वर सांगितलेली रस्ता बंदची बातमी. सोमवारी दुपारी ते कात्रण घेऊन मी तडक कचेरीत गेले. आवाज चढलाच होता. जिन्यात एक वयस्कर उपसंपादक भेटले. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुमची प्रेस नोट दाखवा." तिथेच उभ्याने वाचली आणि विचारलं, "यात बातमी कुठे आहे?"

पहिल्या परिच्छेदात उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं ते होतं. दुसऱ्यात सहा मान्यवरांची नावं, हुद्द्यांसह. विजेता तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी, तोही आडनाव आणि आद्याक्षरांनी. अंतर नाही, वेळ नाही. "आणि ही आली कधी? रविवारी रात्री साडेनऊला. शर्यत सकाळीच संपली होती ना?" संपली होती. पण सगळ्या वयोगटांचे निकाल पंचांनी तपासून सही करेपर्यंत मी थांबले होते, कारण अर्धवट निकाल पाठवणं मला चुकीचं वाटत होतं. ते म्हणाले, "मुख्य गटाचा निकाल आधी पाठवायचा, बाकीचे मागाहून. दुपारी आलेल्या दहा ओळी मी लावू शकतो. रात्री आलेलं पानभर मला लावता येत नाही."

ही चूक आमची होती आणि मी ती लगेच मान्य केली. पण दोन टेबलांमध्ये तीन आठवडे फिरवलं, ती चूक त्यांची होती. हेही मी त्यांना तिथेच सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही.

उलट नोटसोबतची निकालाची यादी बघून त्यांनीच विचारलं, "हे पहिले अकरा जण एकाच वेळेत कसे? घड्याळ बंद पडलं होतं का?" मग मला समजावून सांगावं लागलं. सायकल वेगात असली की बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे चिकटून चालवणाऱ्याचे कष्ट खूपच कमी होतात. म्हणून सगळे घोळक्याने जातात, पुढे राहण्याची पाळी आलटून पालटून घेतात. घोळका एकत्रच रेषा ओलांडतो तेव्हा त्यातल्या सगळ्यांना एकच वेळ देतात, क्रमांक मात्र वेगवेगळे असतात. घोळका सोडून एखादा एकटा पुढे निघाला, तर मागचे पंधरावीस जण आळीपाळीने पुढे राहून वारा झेलत त्याचा पाठलाग करतात आणि बहुतेक वेळा त्याला गाठतात. आमच्या शर्यतीत एक शिक्षिका अशी दोन फेऱ्या एकटी पुढे होती. शेवटच्या वळणानंतर तिला गाठलं आणि ती नववी आली. उपसंपादक म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंच नाही." खरंच लिहिलं नव्हतं. आम्हाला हे इतकं ठाऊक असतं की ते लिहायचं असतं हेच सुचत नाही.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती सायकलवाल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावी. टूर द फ्रान्स ही शर्यत एका वृत्तपत्रानेच काढली. 'लोतो' नावाचं पिवळ्या कागदावर छापलं जाणारं क्रीडा दैनिक होतं, त्याची स्पर्धा हिरव्या कागदावरच्या 'ल व्हेलो'शी. खप वाढत नव्हता म्हणून संपादक आंरी देग्रांज यांच्या कचेरीतल्या जिओ लफेव्र या तरुण बातमीदाराने देशभर फिरणाऱ्या शर्यतीची कल्पना मांडली. 1 जुलै 1903 रोजी 60 जण निघाले, 21 जण शेवटपर्यंत पोचले, मोरिस गारँ जिंकला. लफेव्र स्वतः रेल्वेने आणि सायकलने शर्यतीचा माग काढत बातम्या लिहीत होता. खप दुपटीहून जास्त झाला. इटलीतली जिरो दितालिया 1909 साली सुरू झाली तीही 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या वृत्तपत्राची. शर्यतीत आघाडीवर असलेल्याची गुलाबी जर्सी त्याच्या गुलाबी कागदावरून आली.

वृत्तपत्रांनाच हे का सुचलं, याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. मैदानावरचा खेळ बसून पूर्ण बघता येतो. रस्त्यावरची शर्यत कुणालाच पूर्ण दिसत नाही. कडेला उभ्या असलेल्या माणसाला पाचपंचवीस सेकंद एक घोळका सूं करून जाताना दिसतो, बस. त्याच्या आधी काय झालं, पुढे काय झालं, हे दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितल्याशिवाय कळतच नाही. आमच्या खेळाला सांगणारा लागतो. उपसंपादक हे सगळं ऐकून घेत होते. जाताना त्यांनी शहर पानाच्या बातमीदाराचा थेट नंबर दिला.

सहा महिन्यांनी दुसरी शर्यत. यावेळी अर्धी बातमी मी आदल्या रात्रीच लिहून ठेवली: कुठली शर्यत, किती अंतर, किती जण, कुठल्या गटात. फक्त नावांच्या आणि वेळेच्या जागा रिकाम्या ठेवल्या. रेषेजवळ एका स्वयंसेवकाला एकच काम दिलं, पहिल्या पाच जणांची पूर्ण नावं त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायची. मान्यवरांची नावं शेवटच्या ओळीत गेली. त्यावरून क्लबमध्ये थोडी नाराजी झाली, ती मी सोसली. शर्यत संपल्यावर चाळीस मिनिटांत दीडशे शब्द गेले. मजकूर मेलमध्येच टाकला, पीडीएफ जोडली नाही, कारण त्यातून उचललेली अक्षरं फुटतात आणि पुन्हा टाइप करायला तिथे कुणाला वेळ नसतो. फोटो तीनच पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते आकसून छपाईलायक राहत नाहीत. प्रत्येक फोटोखाली डावीकडून कोण, ते लिहिलं. बक्षीस घेतानाचा रांगेतला फोटो देऊ नका. चेहऱ्यावर घाम आणि मागे लागलेला घोळका असेल तो फोटो घेतात. सायकलच्या हँडलवर नंबर असेल तर ओळख पटवताना चूक होत नाही.

त्या दिवशी एक जण वळणावर पडला, गळपट्टीचं हाड मोडलं. ते मी बातमीदाराला स्वतः फोन करून सांगितलं: काय झालं, रुग्णवाहिका किती मिनिटांत आली, आता तो कसा आहे. क्लबमधले काही जण म्हणत होते की लपवू या. लपवलेलं कुठूनतरी कळतंच, आणि मग तीच एकटी बातमी होते. सांगितलं म्हणून ती एका वाक्यात आली.

दुसऱ्या दिवशी शहर पानावर एक कॉलम, बावीस ओळी. मथळ्यात विजेत्याचं नाव. त्या शिक्षिकेवर वेगळी छोटी चौकट, कारण यावेळी ती तिसरी आली होती आणि मागच्या वेळची दोन फेऱ्यांची गोष्ट मी नोटमध्ये लिहिली होती. तिच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. मी बातमीदाराचे आधी आभार मानले, मग चूक सांगितली. ऑनलाइन मजकुरात त्यांनी ती तासाभरात सुधारली. ते पान मी सकाळी चार वेळा वाचलं.

या हंगामात शर्यतीच्या दोन दिवस आधी त्याच बातमीदाराचा स्वतःहून फोन आला. रस्ता किती ते किती बंद, हे त्यांना हवंच होतं. ते लिहून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "आणि त्या टीचर यंदा उतरतायत ना?" मी त्याच रात्री त्यांना स्टार्ट लिस्ट, म्हणजे उतरणाऱ्या सगळ्यांची यादी, पाठवली, तिच्या नंबरासकट.

क्रीडा पानावर मात्र आमची शर्यत अजून एकदाही आलेली नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्या टेबलाकडे जाणार आहे. दुपारी तीनला.