राहायची सोय

कोथरूडला आमच्या घरावर एक खोली आहे, जिना वेगळा, आणि ती आई गेली बावीस वर्षं भाड्यानं देते, फक्त मुलींना. देण्याआधी आई इंटरव्ह्यू घेते. गाव कुठलं, बाबा काय करतात, क्लास किती वाजता सुटतो, नॉनव्हेज करणार का, कोण कोण येणार जाणार. मी शाळेत असल्यापासून दिवाणावर बसून हे ऐकत आलेय, आणि मुलगी गेली की "ही नको, फार बोलते" वगैरे मतंही दिली आहेत. थोडक्यात मी जन्मानं घरमालक. ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मे २०२३ मध्ये मी बँकॉकला इंग्लिश शिकवायला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा दाराच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिले.

नोकरी मिळण्याची गोष्ट तशी बोअर आहे. एमए इंग्लिश, इथं तीन वर्षं स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतले, मग एका एजन्सीमार्फत ऑनलाईन मुलाखत. डिग्रीचं अटेस्टेशन, पासपोर्ट ऑफिसमधनं पीसीसी (आपल्यावर पोलीस केस नाही असा दाखला), मुंबईला थाई कॉन्सुलेट, नॉन-बी व्हिसा (म्हणजे नोकरीसाठीचा, तो आधी ९० दिवसांचा मिळतो, वर्क परमिट झालं की मग तिथं वाढवून घ्यायचा). आपण भारतीय म्हणजे "नॉन नेटिव्ह", त्यामुळे टोइक या इंग्लिशच्या परीक्षेचा स्कोर द्यावा लागतो, इंग्लंड-अमेरिकेच्या पासपोर्टवाल्याला तो विचारत नाहीत, आणि पगारही त्याच्यापेक्षा कमी. मला २५,००० बाट ठरले, शेजारच्या टेबलावरचा गोरा मुलगा, ज्यानं आयुष्यात कधी क्लास घेतला नव्हता, त्याला ३८,०००. यावर वेगळं लिहीन कधीतरी, आत्ता बीपी वाढवायचं नाहीये.

एजन्सीनं लिहून दिलं होतं, राहायची सोय करून देऊ. ती सोय म्हणजे एका गेस्टहाऊसमध्ये सात रात्री. आठव्या दिवशी त्यांच्या माणसानं मेसेज केला की आता तुम्ही आरामात शोधा, खाली स्मायली. आणि गंमत म्हणजे थाईत गल्लीला "सोय" म्हणतात. मोठ्या रस्त्याला फुटलेली प्रत्येक गल्ली म्हणजे सोय, तिला नंबर. तर मी राहायच्या सोयीसाठी सोय नंबर अमुक ते सोय नंबर तमुक असं पावसात छत्री घेऊन फिरले, कारण तिकडची शाळा मेच्या मध्याला सुरू होते आणि पाऊसही त्याच सुमाराला.

ऑनलाईन बघून मी आधी चार जागांना फोन केले. दोन फोटोतल्यासारख्या नव्हत्याच, एक गेली होती, चौथीत फोनवर बाईनं छान बोलून शेवटी विचारलं कुठल्या देशाच्या, मी सांगितलं, मग ती कुणाशीतरी थाईत बोलली आणि त्यात मला "खॅक" हा शब्द ऐकू आला आणि रूम नाही म्हणाली. खॅक म्हणजे पाहुणा. पण भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशा सगळ्यांनाही तिकडे खॅकच म्हणतात. शाळेतल्या एका थाई मॅडमना विचारलं तर त्या जरा अवघडून म्हणाल्या, स्वयंपाकाचा वास गं, भिंतीत बसतो म्हणतात लोक. मी हॉटेलवर येऊन खूप चिडचिड केली, आईला फोन लावला, हे कसले लोक वगैरे, आणि आई म्हणाली "मग आपण काय करतो?" बास, त्यावर मी काय बोलणार. सुक्या बोंबलांवरून आम्ही एका मालवणच्या मुलीला अकराव्या महिन्यात टाटा केलेला मला चांगला आठवतो, तेव्हा मतदानही झालं होतं घरात आणि माझं मत कुठं पडलं होतं तेही आठवतं.

शेवटी त्याच मॅडम म्हणाल्या फोन ठेव आणि पायी फिर, पाट्या वाच. आपल्याकडे टू लेटची पाटी तशी तिकडे "हॉंग वांग", म्हणजे खोली रिकामी. मला थाई लिपी अजिबात येत नव्हती, मी तो शब्द हातावर चित्रासारखा काढून घेतला आणि दारादारावर जुळवत गेले. स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर, हुआय ख्वांग भागात, पाच मजली बिल्डिंगमध्ये सापडली. खोली एकच, बाथरूम, बाल्कनीत छोटं सिंक, बेड, कपाट, एसी. किचन नाही. एकेकट्या लोकांच्या खोल्यांना तिकडे बऱ्याचदा किचन नसतंच, खाली गाड्यांवर रात्रीपर्यंत जेवण मिळतं, कोण कशाला रांधत बसेल. टॉयलेटला आपल्यासारखा जेट होता, हे बघून मला जे काही हायसं वाटलं ते परदेशात राहिलेल्यांनाच कळेल.

भाडं ७,५०० बाट. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ. म्हणजे २२,५०० बाट हातात, आणि माझा पगार महिना भरल्यावर २५,०००. मी घरून जे पैसे नेले होते त्यातले निम्मे असेच गेले होते. मालकीणबाई साठीच्या, हिशेबाची वही समोर, नजर अगदी आईची. मी मोबाईलवर ट्रान्सलेट करून डिपॉझिट दोन हप्त्यांत देऊ का विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. मग विचारलं काम काय, आणि मला तेवढा एक शब्द तोवर पाठ झाला होता, "ख्रू". शिक्षक. हा आपला गुरूच आहे, शिक्षकांना परवाना देणारी तिकडची जी संस्था आहे तिचं नाव खुरुसफा, म्हणजे चक्क गुरुसभा. (संस्कृत शब्द दिसला की आपल्याला लगेच "बघा सगळं आपल्याकडनंच गेलंय" असं होतं, पण भाडं कमी करायला त्याचा काडीचा उपयोग नाही, मी करून पाहिलंय.) ख्रू म्हटल्यावर मात्र बाईंचा चेहरा बदलला. शाळेचं कार्ड मागितलं, उलटसुलट करून बघितलं, वही बंद केली आणि म्हणाल्या ठीक आहे, अर्धं आता, अर्धं पगार झाल्यावर. पुण्यात आमच्याकडे बँकेतली मुलगी किंवा शिक्षिका आली की आई असंच करते, आयटीवालीला जरा जास्त प्रश्न. तेव्हापासून मी त्यांना "पा" म्हणते, पा म्हणजे आईपेक्षा मोठी मावशी, तिकडे अनोळखी माणसालाही नातं लावूनच हाक मारतात.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी दोनचार गोष्टी. एक, लाईटबिल. सरकारी दर युनिटला साधारण चार बाट पडतो, पण अशा बिल्डिंगमध्ये मालक स्वतःच्या दरानं लावतात, सात किंवा आठ. मी हे न विचारता पहिला महिना एसी २४ वर ठेवून मस्त झोपले आणि बिल आलं २३७ युनिट, १,८९६ बाट. भाड्याच्या चौथाई! दुसऱ्या महिन्यापासून पंखा आणि ओला टॉवेल. त्यामुळे खोली बघताना आधी मीटर बघा, मग बेड. आणि पावसात बघा, कोरड्या दिवशी सगळ्याच गल्ल्या चांगल्या दिसतात, आमच्यापासून तिसऱ्या सोयमध्ये तासभर पाऊस झाला की घोटाभर पाणी असतं.

दुसरं, करार थाईत असतो आणि साल बुद्ध संवतातलं. माझ्या करारावर २५६६ होतं, मला वाटलं टायपो आहे, मी पेन काढून सुधारायला निघाले होते. इसवी सनात ५४३ मिळवायचे असतात. थाई येणाऱ्या कुणालातरी वाचून दाखवायला लावा, माझ्या करारात रंग द्यायचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असं एक कलम होतं जे मॅडमनी भांडून काढायला लावलं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीएम-३०. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. बरेच मालक कळवत नाहीत, आणि मग तुम्ही व्हिसा वाढवायला जाता तेव्हा तिथं पावती मागतात आणि अडकता तुम्ही. पा म्हणाली हे काय असतं, आधी कुणी मागितलं नाही, कराचं काही नाही ना? मी शाळेतून नमुना आणून, तिच्या ओळखपत्राची कॉपी घेऊन, तिच्याच टेबलावर बसून भरला. शिवाय दर ९० दिवसांनी मी अजून इथंच आहे हो, असं स्वतः कळवायचं ते वेगळं.

राहायला गेल्यावर आठवड्यानं मी बाल्कनीत इंडक्शनवर कुकर लावला. वरणभात, बाकी काही नाही. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरीला वॉचमन धावत वर, मागे पा, मागे समोरची मुलगी टॉवेल गुंडाळून. त्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. मी झाकण उघडून भात दाखवला. पा नं वास घेतला, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दाराला एक कागद चिकटवलेला, ट्रान्सलेट केला तर "कृपया नऊनंतर शिट्टी नको". पुणेरी पाटीच की हो ती! मी फोटो काढून आईला पाठवला, तिनं तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

शाळेचं थोडक्यात सांगते. सकाळी आठला राष्ट्रगीत, वर्गात अठ्ठेचाळीस पोरं, प्रत्येकाला टोपणनाव आणि तेच वापरायचं, माझ्याकडे दोन बँक, एक गोल्फ आणि तीन आइस आहेत. आपल्याकडे बंड्या, सोन्या घराबाहेर आले की लाजतात, तिथं हजेरीलाच गोल्फ. जूनमध्ये एका गुरुवारी वाय ख्रू असतं, गुरूला नमस्कार करायचा दिवस, थाईतल्या गुरुवारच्या नावात बृहस्पतीच आहे. पोरं गुडघ्यावर सरकत येऊन ताटातली फुलं देतात, त्यात वांग्याचं फूल असतं आणि हरळी. हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा! मी हातात दूर्वा धरून स्टेजवर बसले होते आणि आजूबाजूला एकाही माणसाला सांगता येईना की मला आत्ता का रडू येतंय. घरी जाऊन पा ला दाखवल्या तर ती मला हुआय ख्वांगच्या चौकातल्या गणपतीला घेऊन गेली. ट्रॅफिकच्या मधोमध, झेंडूच्या माळा, अगरबत्त्यांचा धूर. "तुझाच ना हा?" म्हणाली. मग तिनं स्वतःसाठी खोली क्रमांक ३०४ ला भाडेकरू मिळू दे म्हणून हात जोडले, हे मला नंतर कळलं.

आता सुट्टीला घरी आलेय, तिकडची शाळा परत मेच्या मध्याला. आल्या आल्या वरची खोली रिकामी, आणि परवा एक तान्झानियाची मुलगी बघायला आली, इथं मास्टर्स करतेय. आई म्हणाली नको, परदेशी म्हटलं की पोलिसांची भानगड, परदेशी भाडेकरूचा फॉर्म भरावा लागतो २४ तासांत. मी म्हटलं आण इकडे, मी भरते, मला त्याची प्रॅक्टिस आहे. इंटरव्ह्यू झाला, यावेळी मी दिवाणावर न बसता तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. नॉनव्हेजचा प्रश्न यायच्या आधी आईनं माझ्याकडे बघितलं आणि तो प्रश्न गिळला. लाईटचा मीटर वेगळा आहे का, हे त्या मुलीनंच विचारलं. हुशार आहे.

काल संध्याकाळी तिनं काहीतरी तळलं, बहुतेक सुकी मासळी. आईनं खालून हाक मारली, "अगं, वर जाऊन बघ जरा कसला वास येतोय." मी अजून गेले नाहीये.