दोरा ताठ धर

घरात कागदी कपांचं पाकीट उरलं होतं आणि दादाची दोन्ही मुलं दुपारभर माझ्याकडे होती, दोऱ्याचा फोन करायला एवढंच निमित्त. कपाच्या बुडाला सुईने भोक पाडलं, दोरा बाहेरून आत ओवला आणि टोकाला अर्धी काडी बांधली. ही अर्धी काडी माझा हट्ट. नुसती गाठ मारली की दोन हिसक्यांत भोकातून निसटते आणि दुपार दोरा ओवण्यातच जाते. (काडीचं गुलाचं टोक आधी मोडायचं, हेही माझंच शास्त्र.)

धाकटा स्वयंपाकघरात, थोरली हॉलच्या टोकाला. पहिलं वाक्य अर्थातच, "ऐकू येतंय का?" मग दोघांनीही कप तोंडाला लावले. मग दोघांनीही कानाला. बराच वेळ शांतता. "बोलून झालं की ओव्हर म्हणायचं," असं मी सांगितलं, तर पुढची दहा मिनिटं दोघं फक्त ओव्हर म्हणत होती.

"आत्या, हा एवढा ओरडतोय, ते तसंही ऐकू येतंच की," थोरली म्हणाली. म्हटलं, त्याला कुजबुजायला सांग. तो कुजबुजत असताना मी मधेच दोरा चिमटीत धरला. आवाज बंद. सोडला, आवाज चालू. माझ्या बोटांना बारीक गुदगुल्या झाल्या. पोराची कुजबुज होती ती.

मग दोघांना बेडरूममध्ये फोन न्यायचा होता. दोरा दाराच्या चौकटीला टेकला आणि सगळी थरथर तिथेच जिरली. रॉबर्ट हूक नावाच्या गृहस्थाने १६६५ साली, म्हणजे बेलच्या टेलिफोनच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी, लिहून ठेवलंय की ताणलेल्या तारेतून आपण आवाज लांबवर पोचवला, आणि तार अनेक ठिकाणी वळलेली असतानाही. हूकसाहेबांना इतकी वळणं जमली, मला एक चौकट जमेना.

तशी ती लहानपणीही जमली नव्हती. तेव्हा आमचा फोन काडेपेट्यांचा. दादा गच्चीवर, मी खाली जिन्याच्या तोंडाशी आणि दोरा मधे कठड्याला घासत लोंबलेला. "ताठ धर गं!" हे वाक्य मला कायम दोऱ्यातून नाही, वरूनच ऐकू यायचं. एका दुपारी मात्र तो ओरडला नाही. काडेपेटी तोंडाशी धरून बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगत राहिला. मला एक अक्षर कळलं नाही, पण ऐकू आलं नाही म्हणावं तर खेळ मोडणार. मी म्हटलं, "हो."

तो धावत खाली आला. कान लाल झालेले. "कुणाला सांगायचं नाही हं."

मी शपथ घेतली. आणि पाळलीही, अजून. आईने दोनदा खोदून विचारलं होतं, तरी.

संध्याकाळी तो मुलांना न्यायला आला, तेव्हा दोरा खुर्च्यांच्या पायांत गुंतला होता आणि धाकटा कप चावत बसला होता. चहा देताना मी सहज विचारलं, "दादा, त्या काडेपेटीच्या फोनवर तू मला एकदा काय सांगितलं होतंस रे?"

त्याने आठवून पाहिलं. चहा संपेपर्यंत पाहिलं.

"नाही बुवा आठवत," तो म्हणाला. मग जरा पुढे वाकून, आवाज उतरवून, "पण तू कुणाला सांगितलं नाहीस ना?"