शनिवारी रात्रीचा विनोद आणि सोमवारची चर्चा

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील 30 क्रमांकाच्या इमारतीत आठव्या मजल्यावर 'एट-एच' नावाचा एक स्टुडिओ आहे. 11 ऑक्टोबर 1975 रोजी तिथून 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाचा पहिला भाग थेट प्रक्षेपित झाला आणि हा कार्यक्रम आजही त्याच स्टुडिओतून, त्याच पद्धतीने, बहुतांशी आधी चित्रित न करता सादर होतो. शनिवारी रात्री साडेअकराला तो सुरू होतो आणि एक वाजता संपतो. म्हणजे तो सुरू होतो तेव्हा पुण्यामुंबईत रविवारचे सकाळचे नऊ वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरात इथली घड्याळे तासभर मागे गेली की दहा. कलाकारांच्या कितीतरी पिढ्या आल्या आणि गेल्या, पण लॉर्न मायकेल्स हे निर्माते, ऐंशीच्या दशकातली काही वर्षे सोडली तर, आरंभापासून या कार्यक्रमाचे कर्तेधर्ते राहिले आहेत.

मी हडसन नदीच्या अलीकडे न्यू जर्सीत राहते आणि नोकरीसाठी मॅनहॅटनमध्ये जाते. आमच्या कार्यालयात सोमवारी दुपारी डबे उघडले की शनिवारच्या भागावर बोलणे सुरू होते, आणि ते इतक्या बारकाईने व इतक्या आस्थेने चालते की मला त्याचे मोल मूळ कार्यक्रमाइतकेच वाटू लागले आहे. परदेशात आलेल्या माणसाला भाषा अंगवळणी पडते, बातम्या कळू लागतात, उपाहारगृहात टिप किती ठेवायची हेही समजते. विनोद मात्र सर्वांत उशिरा कळतो. त्यासाठी त्या आठवड्यात काय घडले, कोणाची फजिती झाली, कोणते गाणे सगळ्यांच्या तोंडी आहे, कोण कोणाच्या बोलण्याची नक्कल करते आहे, एवढे सगळे ठाऊक असावे लागते. माझ्या बाबतीत हे शिक्षण चाहत्यांच्या चर्चेतून झाले.

एक उदाहरण सविस्तर सांगते. 28 सप्टेंबर 2024 रोजी कार्यक्रमाच्या पन्नासाव्या हंगामाचा पहिला भाग झाला. त्यातील 'वीकेंड अपडेट' या लुटुपुटीच्या बातमीपत्रात बोवेन यांग हा कलाकार पिल्लू पाणघोड्याच्या वेशात येऊन बसला. हे पिल्लू म्हणजे थायलंडमधील खाओ खेओ प्राणिसंग्रहालयात त्या वर्षीच्या जुलैत जन्मलेली मू डेंग. तिच्या चित्रफितींनी त्या दिवसांत जगभरचे भ्रमणध्वनी व्यापून टाकले होते. पण यांगच्या तोंडचे बोलणे होते चॅपल रोन या गायिकेच्या वळणाचे. अचानक मिळालेल्या प्रसिद्धीने त्रासलेल्या या गायिकेने त्याच उन्हाळ्यात चाहत्यांना जाहीरपणे सांगितले होते की, रस्त्यात अडवू नका, अंगचटीला येऊ नका, माझे खासगी आयुष्य मला राहू द्या. ज्याला या दोन्ही गोष्टी माहीत नाहीत, त्याला तिथे वेशभूषा करून कुरकुरणारा एक माणूस एवढेच दिसणार. ज्याला माहीत आहेत, त्याला एकाच तोंडून दोन वेगवेगळ्या जिवांचे गाऱ्हाणे ऐकू येणार.

सोमवारी यावरून जेवणाच्या टेबलावर दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की, एका तरुण स्त्रीने मनापासून मांडलेल्या तक्रारीची ही थट्टा झाली आणि ती करायला नको होती. दुसरी बाजू म्हणत होती की, प्राणिसंग्रहालयात येणारे लोक मू डेंगला जागे करण्यासाठी तिच्या अंगावर पाणी आणि इतर वस्तू फेकत होते ही बातमी त्याच महिन्यात आली होती, आणि ती लक्षात घेतली तर विनोदाचा रोख गायिकेवर नसून गर्दीच्या क्रूरपणावर आहे हे दिसते. मला दुसरी बाजू पटली आणि अजूनही पटते. पण मूळ मुद्दा असा की, पाणघोड्याच्या वेशातल्या काही मिनिटांच्या प्रवेशावर सुशिक्षित, कामात गढलेली माणसे जेवणाची अख्खी सुट्टी वाद घालत होती. त्यात कोणी आवाज चढवला नाही आणि कोणी विषय क्षुल्लक आहे म्हणून तो झटकूनही टाकला नाही.

या चर्चेला एवढी खोली येते याचे एक कारण म्हणजे कार्यक्रम कसा तयार होतो हे चाहत्यांना पक्के ठाऊक असते. दर आठवड्याला एक नवा पाहुणा कलाकार कार्यक्रमाचा यजमान असतो; सोमवारी मायकेल्स यांच्या दालनात त्याच्यासमोर कल्पना मांडल्या जातात. मंगळवारी लेखक रात्रभर जागून लिहितात. बुधवारी चाळीसएक संहितांचे सर्वांसमोर वाचन होते आणि त्यांतून निवडक प्रवेश पुढे जातात. मग दोन-तीन दिवसांत नेपथ्य, कपडे आणि केशरचना उभी करायची. शनिवारी रात्री आठ वाजता खऱ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, आणि तिथे जे फसते ते तालीम व प्रक्षेपण यांच्यामधल्या थोड्या वेळात कापले जाते किंवा पुन्हा लिहिले जाते. संवाद कलाकारांसमोर मोठ्या पुठ्ठ्यांवर हाताने लिहून धरलेले असतात, प्रत्येक पात्राला वेगळा रंग. शेवटच्या क्षणी ओळ बदलली तर पुठ्ठ्यावर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर नवी ओळ लिहिली जाते. कलाकाराची नजर समोरच्या पात्राऐवजी किंचित बाजूला का असते, हे मला एका सहकाऱ्याने समजावून सांगितल्यावर कार्यक्रम पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. आपल्याकडच्या वगात आणि बतावणीत त्या दिवशीची बातमी त्याच रात्रीच्या प्रयोगात येत असे. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या राजकारणावरचे संवाद घालत, म्हणून तेच लोकनाट्य पुन्हा पुन्हा पाहणारे प्रेक्षक होते, आणि कालच्या प्रयोगात काय नवे होते याची चर्चा त्यांच्यातही होत असे. फरक इतकाच की ती चर्चा गावोगावच्या कट्ट्यांवर विखुरलेली होती, आणि इथे सारा देश एकाच रात्री एकच प्रयोग पाहतो.

निदान पाहत असे. आता तसे राहिलेले नाही, आणि सोमवारच्या चर्चेतला सर्वांत गंभीर वाद याच गोष्टीवर असतो. आमच्या टेबलावर एक ज्येष्ठ सहकारी आहेत, ज्यांनी विनोदवीर जॉर्ज कार्लिन यजमान असलेला पहिला भाग शाळकरी वयात पाहिला. आणि एक विशीतली सहकारी आहे, जी संपूर्ण भाग क्वचितच पाहते. रविवारी सकाळी भ्रमणध्वनीवर एकेक प्रवेश सुटा पाहणे हीच तिची पद्धत. तिचे म्हणणे असे की, मंगळवारी घडलेल्या घटनेवर बुधवारी सकाळपर्यंत हजारो लोकांनी विनोद करून झालेले असतात, त्यामुळे शनिवारी येणारा विनोद शिळा वाटतो. 1975 मध्ये एका आठवड्याच्या आत विनोद करणे म्हणजे विजेचा वेग होता; आज त्यालाच दिरंगाई म्हणतात. 'साउथ पार्क' ही 13 ऑगस्ट 1997 रोजी सुरू झालेली व्यंगचित्र मालिका तर साधारण सहा दिवसांत एक भाग तयार करण्यासाठी नावाजली गेली. 2008 मध्ये ओबामा निवडून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 5 नोव्हेंबरला, त्या निकालावरचा भाग दाखवला गेला होता आणि लोक थक्क झाले होते. तसे थक्क होणे आता उरलेले नाही.

माझे मत या बाबतीत ठाम आहे. उशीर झाला म्हणून विनोद वाया जात नाही. ज्या विनोदात त्या उशिराचा उपयोग करून घेतलेला नसतो तो वाया जातो. मू डेंगवर निव्वळ पाणघोड्याचा विनोद शनिवारी केला असता तर तो शिळाच ठरला असता. लेखकाला विचार करायला काही दिवस मिळाले, म्हणून त्याला पाणघोडा आणि गायिका यांच्यातले साम्य सापडले.

काही प्रवेश मात्र आपल्या आठवड्याला इतके घट्ट बांधलेले असतात की नंतर ते पाहताना तो आठवडा कोणीतरी सांगावाच लागतो. 12 नोव्हेंबर 2016 च्या भागाची सुरुवात केट मॅकिननने केली. हिलरी क्लिंटन यांची भूमिका ती बरेच दिवस करत होती. त्याच मंगळवारी क्लिंटन निवडणूक हरल्या होत्या आणि गीतकार-गायक लेनर्ड कोहेन यांच्या निधनाची बातमीही त्याच आठवड्यात आली होती. पांढऱ्या पोशाखात पियानोसमोर बसून मॅकिननने कोहेन यांचे 'हालेलुया' गायले. त्यात हसण्यासारखे काही नव्हते. ज्येष्ठ सहकारी म्हणतात की तो शोक होता आणि विनोदी कार्यक्रमाला शोक करण्याचा अधिकार आहे. दुसरे एक सहकारी म्हणतात की त्या क्षणी कार्यक्रमाने अर्ध्या देशाकडे पाठ फिरवली. इतक्या वर्षांनीही दोघे आपापल्या जागी ठाम आहेत, आणि त्यांचा हा वाद ऐकताना मला त्या निवडणुकीविषयी जे कळले ते वर्तमानपत्रांतून कळले नव्हते.

याच्या उलट टोकाला 13 एप्रिल 2024 चा एक प्रवेश आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक गंभीर चर्चा चालू आहे, केनन थॉम्पसन तज्ज्ञाच्या भूमिकेत बोलतो आहे, आणि प्रेक्षकांत बसलेल्या एका माणसाकडे पाहून त्याचे लक्ष सारखे विचलित होते. तो माणूस, म्हणजे अभिनेता रायन गॉसलिंग, नव्वदच्या दशकात एमटीव्हीवर गाजलेल्या 'बीव्हिस अँड बटहेड' या व्यंगचित्रातल्या बीव्हिससारखा हुबेहूब दिसतो. त्याला जागा बदलायला सांगतात, तर दुसरीकडे मायकी डे हा कलाकार बीव्हिसचा जोडीदार बटहेडच्या चेहऱ्याने बसलेला. सूत्रसंचालिका झालेली हायडी गार्डनर मागे वळते, तो चेहरा पाहते आणि तिचे सगळे अवसान गळते. तोंड फिरवून, ओठ आवळून ती सावरू पाहते, पण हसू आवरत नाही. आमच्या विशीतल्या सहकारीने ते व्यंगचित्र कधीच पाहिलेले नव्हते, तरी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती, आणि मीसुद्धा. संदर्भ तीस वर्षे जुना, पण गार्डनरचे हसू त्या क्षणीचे होते. कलाकाराने भूमिका सोडून असे हसावे की नाही यावर चाहत्यांत फार जुने मतभेद आहेत. जे जाणूनबुजून हसतात ते चटकन ओळखू येतात आणि त्यांच्याविषयी कोणी चांगले बोलत नाही. गार्डनर मात्र शेवटपर्यंत झुंजली, म्हणून कट्टर चाहत्यांनीही तिला दाद दिली.

पन्नासाव्या हंगामातल्या 'डोमिंगो'विषयी थोडक्यात सांगते. 12 ऑक्टोबर 2024 रोजी एरियाना ग्रांडे यजमान असताना लग्नाच्या मेजवानीचा एक प्रवेश झाला. त्यात वधूच्या मैत्रिणी सब्रिना कारपेंटरच्या त्या वर्षी गाजलेल्या 'एस्प्रेसो'च्या चालीवर बेसूर गात वधूचे गुपित फोडतात, आणि शेवटी ज्याच्याविषयी गाणे चालले आहे तो डोमिंगो स्वतःच हजर होतो. बघता बघता तो देशभर नकलेचा विषय झाला, आणि फेब्रुवारी 2025 मधील सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात याच कथेच्या पुढच्या प्रवेशात खुद्द कारपेंटर सहभागी झाली. ग्रांडेसारख्या कसलेल्या गायिकेने इतके मन लावून बेसूर गाणे मला फार आवडले. पुनरावृत्ती मात्र मूळ प्रवेशाइतकी रंगली नाही असे माझे मत आहे.

चाहत्यांची ही आस्था प्रत्यक्ष पाहायची असेल तर हंगाम चालू असताना शुक्रवारी संध्याकाळी पश्चिम 49व्या रस्त्यावर जावे. ऐनवेळच्या मोफत प्रवेशासाठी लोक आधी संगणकावरून रांगेतला क्रमांक मिळवतात आणि मग घडीच्या खुर्च्या, ब्लँकेटे, कॉफीचे थर्मास घेऊन फुटपाथवर तासन्‌तास थांबतात. आत जायला मिळेलच याची हमी नसते. मी तिथे गेले तेव्हा कडाक्याची थंडी होती. ओहायोतून आलेला एक विद्यार्थी आणि ब्रुकलिनमधील एक निवृत्त शिक्षिका 'वीकेंड अपडेट'चा आजवरचा सर्वोत्तम निवेदक कोण यावर बोलत होते. दोघांच्या वयात दोन पिढ्यांचे अंतर, पण एकमेकांच्या काळातले प्रवेश दोघांनाही ठाऊक होते.

सध्या आमच्या टेबलावर नव्या चेहऱ्यांविषयी बोलणे चालते. 2025 च्या उन्हाळ्यात गार्डनरसह अनेक कलाकारांनी निरोप घेतला आणि पाच नवे कलाकार आले. त्यांपैकी वेरोनिका स्लोविकोव्स्का आंतरजालावरच्या छोट्या चित्रफितींमुळे आधीच अनेकांना परिचित होती, त्यामुळे भ्रमणध्वनीच्या पडद्यासाठी घडलेला विनोद थेट प्रेक्षकांसमोर टिकतो का, हा प्रश्न तिच्या निमित्ताने पुन्हा निघाला. नवे कलाकार पहिले काही हंगाम दुय्यम गटात असतात आणि मग मुख्य संचात जातात किंवा बाहेर पडतात. ज्येष्ठ सहकारी म्हणतात की दोन हंगाम होईपर्यंत कोणाविषयीही मत बनवू नये. विशीतल्या सहकारीला दोन महिने पुरेसे वाटतात. मी ज्येष्ठांच्या बाजूने आहे, कारण थेट प्रक्षेपणात उभे राहण्याचे धैर्य येण्यास वेळ लागतो आणि तो वेळ प्रेक्षकांनीच द्यायचा असतो.